फाईल कुठे आहे?

फेब्रुवारी १९८०. कोलंबोच्या फोर्ट भागातल्या एका सरकारी कचेरीत तुम्ही बसला आहात. अंगावरचा शर्ट तुमचा नाही, खुर्चीही तुमची नाही. मधल्या फळीतल्या एका अधिकाऱ्याची ती जागा आहे, आजच्यापुरती तुम्हाला मिळाली आहे. या प्रवासाची अट एकच: पुढे काय होणार ते तुम्हाला ठाऊक असेल, पण खुर्चीतल्या माणसाला जेवढं माहीत होतं त्याच्यापलीकडे तोंड उघडता येणार नाही.

टेबलावर एक मसुदा आहे. जेमतेम काही पानं, स्वच्छ टंकलेली, लंडनहून आलेली. विषय: गुंतवणुकीस उत्तेजन व संरक्षण. तुम्ही आधी पानं मोजता, मग शेवटचं पान बघता, कारण सही तिथे व्हायची असते. मधलं वाचायला तुमच्याकडे आजची दुपार आहे, आणि त्याच दुपारी तांदळाच्या आयातीची टिपणी आणि मंत्र्यांच्या दौऱ्याचं वेळापत्रकही व्हायचं आहे. खिडकीत कावळे ओरडताहेत.

मसुदा वाईट दिसत नाही, हे आधी मान्य करा. ब्रिटिश कंपनीला तुमच्या देशात जे संरक्षण, तेच तुमच्या कंपनीला ब्रिटनमध्ये, असं त्यात म्हटलं आहे. ब्रिटनमध्ये मोठी गुंतवणूक करायला निघालेली श्रीलंकेची कंपनी कोणती, हे आठवायचा तुम्ही जरा प्रयत्न करता आणि सोडून देता. दुसऱ्या कलमात गुंतवणुकीला ‘संपूर्ण संरक्षण आणि सुरक्षितता’ मिळेल, असं आहे. चौथ्यात युद्ध, बंड, दंगल यांत नुकसान झालं तर काय करायचं ते आहे. आठव्यात म्हटलं आहे की वाद झालाच तर कंपनी तो वॉशिंग्टनमधल्या लवाद केंद्राकडे, म्हणजे इक्सिडकडे, नेऊ शकेल. जागतिक बँकेच्या छत्राखालचं हे केंद्र १९६६ पासून आहे. तिथे आजवर जे वाद गेले, त्यांत सरकारने स्वतः केलेल्या कंत्राटात तशी संमती दिलेली होती. निव्वळ दोन देशांमधल्या कराराच्या जोरावर एखाद्या कंपनीने सरकारला तिथे उभं केलं, असं अजून घडलेलं नाही. मग घाबरायचं कशाला?

शिवाय वारा कुठल्या दिशेचा आहे ते तुम्हाला कळतं. १९७७ मध्ये जयवर्धने यांचं सरकार आलं आणि देशाची दारं उघडली. काटुनायकेला निर्यात क्षेत्र उभं राहतं आहे. महावेलीवरच्या व्हिक्टोरिया धरणाला पैसा ब्रिटनचा आहे. १९७८ च्या राज्यघटनेत तर १५७ वं कलमच असं घातलं आहे की संसदेने दोनतृतीयांश मतांनी मंजूर केलेल्या गुंतवणूक कराराला कायद्याचं बळ मिळेल आणि राष्ट्रीय सुरक्षेचं कारण सोडलं तर त्याच्याविरुद्ध जाणारा कायदाही करता येणार नाही. ज्या देशाने हे घटनेत लिहिलं, त्याच्या उपसचिवाने ‘संपूर्ण’ म्हणजे किती, असा प्रश्न फाईलवर लिहायचा?

तुम्ही लिहिता: हरकत नाही. १३ फेब्रुवारीला कोलंबोत सह्या होतात. पुढच्या वर्षी पत्रांची देवाणघेवाण होऊन कराराची व्याप्ती ब्रिटनच्या ताब्यातल्या हाँगकाँगपर्यंत वाढते. ती पत्रं कुठल्या फाईलला लागली, हे विचारू नका.

आता थोडं मागे. २५ नोव्हेंबर १९५९, बॉन. पश्चिम जर्मनी आणि पाकिस्तान यांच्यात अशा प्रकारचा जगातला पहिला करार होतो आहे. इथे तुम्हाला फार वेळ थांबायचं नाही, फक्त कागद कुणाच्या बाजूने टेबलावर येतो आहे ते बघा. युद्धात परदेशांतली मालमत्ता गमावलेल्या जर्मनीला पुढच्या गुंतवणुकीची हमी हवी आहे, पाकिस्तानला भांडवल हवं आहे. पुढची चाळीस वर्षं हेच चालतं: छापील भाडेकरार घरमालक घेऊन येतो आणि भाडेकरू नाव-पत्ता भरून सही करतो. १९६४ मध्ये टोकियोला जागतिक बँकेच्या सभेत इक्सिडची कल्पना आली तेव्हा २१ देशांनी तिला नकार दिला होता. त्यांतले बहुतेक लॅटिन अमेरिकेतले होते, त्यांना परदेशी कंपन्यांच्या दाव्यांचा जुना अनुभव होता. नकाराला आठवण लागते. नव्याने स्वतंत्र झालेल्या देशांकडे ती कुठून येणार?

२८ जानेवारी १९८७. श्रीलंकेचा पूर्व किनारा, बट्टिकलोआ जिल्हा. इथे तुम्हाला खुर्ची नाही. खाडीच्या कडेने कोळंबी वाढवायची तळी आहेत. सेरेंदिब सीफूड्स या कंपनीची ही शेती, माल जपानला जायचा. कंपनीतला ४८.२ टक्के हिस्सा हाँगकाँगच्या एशियन ॲग्रिकल्चरल प्रॉडक्ट्सचा. यादवी युद्ध सुरू आहे, या भागात तमिळ वाघांचा, म्हणजे एलटीटीईच्या बंडखोरांचा, वावर आहे, आणि त्या दिवशी सुरक्षा दलांची मोहीम निघाली आहे. संध्याकाळपर्यंत शेती उद्ध्वस्त झालेली असते. कामगार मारले गेलेले असतात, आजूबाजूच्या गावांतली माणसंही. किती, यावर अजून वाद आहे.

त्याच वर्षी जुलैमध्ये इक्सिडकडे अर्ज दाखल होतो. अर्जदार हाँगकाँगची कंपनी, आधार १९८० चा करार. कोलंबोत कुणीतरी विचारतं, हाँगकाँगचा आणि आपला करार कधी झाला?

तुम्हाला जून १९९० मध्ये वॉशिंग्टनला आणलं आहे ते निवाडा वाचायला. अध्यक्ष इजिप्तचे अहमद अल-कोशेरी, सोबत फ्रान्सचे बर्थोल्ड गोल्डमन आणि घानाचे सॅम्युअल असान्ते. कंपनीने मागितले ८० लाख डॉलरहून जास्त. तिचं म्हणणं असं की ‘संपूर्ण संरक्षण’ म्हणजे हमी: नुकसान झालं की सरकार जबाबदार, चूक कुणाची ते बघायचंच नाही. लवाद हे मान्य करत नाही. शेती नेमकी कुणी उद्ध्वस्त केली, हेही पुराव्याने ठरत नाही असं तो म्हणतो. पण मोहिमेआधी सरकारने जी काळजी घ्यायला हवी होती ती घेतली नाही, उदाहरणार्थ संशयित कामगारांना काढून टाका असं कंपनीला शांतपणे सांगता आलं असतं, म्हणून भरपाई द्या, असा त्याचा निर्णय. ४,६०,००० डॉलर आणि व्याज. असान्ते यांना तो पटत नाही, ते आपलं भिन्न मत लिहितात.

रक्कम लहान आहे, श्रीलंका सुटली असंच तुम्हाला वाटेल. पण कंपनी आणि सरकार यांच्यात कसलंही कंत्राट नसताना, फक्त दोन देशांमधल्या कराराच्या आधारे इक्सिडने दिलेला हा पहिला निवाडा. दहा वर्षांपूर्वी ज्याच्यावर तुम्ही ‘हरकत नाही’ लिहिलंत ते आठवं कलम म्हणजे पत्ता न लिहिलेलं आमंत्रण होतं, हे जगातल्या वकिलांच्या आता लक्षात आलं. आणि एक गोष्ट निवाड्यात शोधू नका, ती तिथे नाही. मेलेल्या कामगारांच्या घरच्यांसाठी त्यात काही नाही. करार गुंतवणुकीचा होता.

वाटेल की यानंतर सगळे देश सावध झाले असतील. झालं उलटंच. १९८० चं दशक संपताना जगात असे ३८५ करार होते. १९९९ च्या अखेरीस ते १,८५७ झाले. शीतयुद्ध संपलं होतं, कर्जं महाग होती, परदेशी भांडवल येईल त्याला घ्यायचं असा काळ. राष्ट्रप्रमुख परदेशी जायचे तेव्हा दौऱ्यात सही करायला काहीतरी हवं असायचं, आणि गुंतवणूक करार त्यासाठी सोयीचा. त्याला खर्च नाही, पान उलटलं की फोटो.

जानेवारी १९९९, स्वित्झर्लंड. जिनिव्हा सरोवराच्या काठी, माँत्रूच्या वर डोंगरउतारावर ग्लियों नावाचं गाव. अंकटाडने, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार व विकासविषयक संस्थेने, विकसनशील देशांच्या अधिकाऱ्यांना इथे एकत्र आणलं आहे. हेतू चांगला. परस्परांशी करार करायला एकेका राजधानीत जाण्याचा खर्च वाचावा म्हणून सगळे एका छताखाली. सकाळी एका देशाशी, दुपारी दुसऱ्याशी. तुमच्यासमोर मसुदे येत राहतात आणि बाहेर बर्फ दिसत असतं. दोन्ही बाजूंचे लोक एकमेकांइतकेच नवखे असल्यामुळे वातावरण खेळीमेळीचं आहे. दर करारात ‘न्याय्य व समन्यायी वागणूक’ आहे, दर करारात ‘सर्वाधिक पसंतीच्या राष्ट्राची वागणूक’ आहे, आणि त्यांची पुढे काय किंमत पडते हे कुणीच कुणाला सांगू शकत नाही. अशा फेऱ्या पुढेही भरल्या. त्याच अंकटाडने नंतरच्या काळात जे शिकवलं ते बरंचसं या फेऱ्यांत झालेलं निस्तरण्याचं होतं, असं मला वाटतं. संस्थेला दोष देऊन उपयोग नाही. त्या काळात जवळपास सगळेच तसं बोलत होते.

आणि आता इस्लामाबाद, २००१. या जागी तुम्हाला थोडं हसू येईल. सीमाशुल्क तपासणीच्या एका संपवलेल्या कंत्राटावरून एसजीएस या स्विस कंपनीने पाकिस्तानला इक्सिडमध्ये खेचलं आहे. नुकतेच महान्यायवादी झालेले मखदूम अली खान यांच्या टेबलावर कागद येतो. इक्सिड काय, गुंतवणूक करार काय, हे कार्यालयात कुणाला धड सांगता येत नाही. ते इंटरनेटवर शोधायला लागतात. करार १९९५ चा. फाईल मागवली जाते. फाईल सापडत नाही. करार ज्यांच्याशी केला त्यांच्याकडूनच त्याची प्रत मागवायची वेळ येते. ज्याने जगातला पहिला असा करार केला तो हा देश. बेचाळीस वर्षांनी.

अडाणीपणा म्हणून ही गोष्ट सांगितली जाते, आणि मला ते मान्य नाही. खान हे निष्णात वकील. त्या कचेरीत हुशार माणसं होतीच. करार करणारा एका खात्यातला, तो केव्हाच बदलून गेला. करार ज्याने सांभाळायचा तो दुसऱ्या खात्यातला, त्याला पत्ताच नाही. ज्याच्या निर्णयामुळे दावा लागला तो तिसराच. तिघे कधी एका खोलीत बसले नव्हते. आपल्याकडे काय वेगळं होतं? गुहागरच्या किनाऱ्यावरचा दाभोळचा वीजप्रकल्प आठवा. महाराष्ट्र वीज मंडळाचा करार १९९३ चा, राजकारण मुंबईचं, आणि प्रकल्प बंद पडल्यावर बेक्टेल आणि जनरल इलेक्ट्रिकने मॉरिशसमधल्या आपल्या कंपन्यांमार्फत ज्याचा आधार घेतला तो भारत-मॉरिशस गुंतवणूक करार दिल्लीच्या सरकारने १९९८ मध्ये केलेला. विजेच्या दराबद्दल मुंबईत वर्षानुवर्षं भांडणाऱ्या किती जणांनी तो करार वाचला होता? प्रकरण २००५ मध्ये तडजोडीने मिटलं, म्हणून त्याची फार चर्चाही झाली नाही.

परत कोलंबो, जुलै २००८. खनिज तेलाचा भाव पिंपाला १४७ डॉलरला पोचला आहे आणि सिलोन पेट्रोलियम महामंडळ डॉइश बँकेशी एक करार करतं. भाव ११२.५० डॉलरच्या वर राहिला तर बँक महामंडळाला पैसे देणार, पण एकूण २५ लाख डॉलर झाले की करार खलास. भाव खाली गेला तर महामंडळ बँकेला देणार, आणि त्याला अशी मर्यादा नाही. डिसेंबरमध्ये भाव चाळिशीच्या खाली. न्यायालयाचा अंतरिम आदेश येतो, मध्यवर्ती बँक पैसे थांबवते, आणि डॉइश बँक जर्मनी-श्रीलंका करार काढून इक्सिडला जाते. तेलाच्या भावावरची ही पैज ‘गुंतवणूक’ होते का? करारातली व्याख्या इतकी ऐसपैस आहे की लवादाचं बहुमत हो म्हणतं. ३१ ऑक्टोबर २०१२ चा निवाडा: सुमारे ६ कोटी डॉलर आणि व्याज.

या निवाड्याला एक भिन्न मत जोडलेलं आहे. लिहिणारे लवाद श्रीलंकेने नेमलेले: मखदूम अली खान. अकरा वर्षांपूर्वी इक्सिड म्हणजे काय ते शोधणारा माणूस आता इक्सिडच्या लवादांत बसून व्याख्येवर वाद घालतो आहे. तो शिकला, पण एका खटल्याच्या किमतीत. आणि अशा खटल्याची किंमत काय असते? ओईसीडी या श्रीमंत देशांच्या संघटनेच्या २०१२ च्या अंदाजानुसार वकील आणि लवाद मिळून सरासरी ८० लाख डॉलरच्या वर. हरलात तर भरपाई वेगळी.

म्हणून आता तुम्हाला नोव्हेंबर २०१६ मध्ये, पुन्हा कोलंबोत, एका हॉटेलच्या सभागृहात बसवलं आहे. विनिपेगच्या आयआयएसडी या संस्थेने भरवलेली विकसनशील देशांच्या गुंतवणूक वाटाघाटीकारांची ही दहावी वार्षिक परिषद. पहिली २००७ मध्ये सिंगापूरला झाली, चौथी २०१० मध्ये दिल्लीत, पाचवी कंपालाला. इथे सरकारी माणसं आहेत, आणि तीही विकसनशील देशांची. शेजारच्या खुर्चीत आफ्रिकेतल्या एका देशाची बाई आहे, जिच्या खात्यात गुंतवणूक करार बघणारी ती एकटीच. ती आजारी पडली तर देशाचं धोरण रजेवर. तिच्या पलीकडचा पॅसिफिकमधल्या बेटावरून आलाय, त्याच्याकडे मासेमारी, हवाई सेवा आणि व्यापार अशी तीन टेबलं आहेत. आपापल्या देशाच्या चुका इथे लोक मोकळेपणाने सांगतात, घरी ते करता येत नाही.

पहिल्या दिवशी तुमची अपेक्षा असते की कुणीतरी कायदा शिकवेल. तोही शिकवतात. पण खरी कसोटी दुपारी लागते, लुटुपुटूच्या वाटाघाटींत. तुम्हाला श्रीमंत देश व्हायला सांगतात. समोर तीच आफ्रिकेतली बाई, एका काल्पनिक लहान देशाची प्रतिनिधी. तुमच्या हातात मसुदा आहे, तिच्या हातात नाही. तुम्ही वाक्य वाचता, ती दुरुस्ती सुचवते, तुम्ही म्हणता, ‘हे आमचं नेहमीचं कलम आहे, सगळ्यांनी मान्य केलंय.’ हे वाक्य उच्चारताना किती सोपं जातं, याचंच तुम्हाला नवल वाटतं. अर्ध्या तासात ती तीन कलमं सोडून देते. मग शिकवणारी थांबवते आणि विचारते, ‘दुसऱ्याच्या मसुद्यावर बोलायला कुणी सांगितलं?’

दुसऱ्या फेरीत ती आपला मसुदा आणते. आता पडद्यावर दोन रकाने आहेत. न पटलेला मजकूर चौकटी कंसात जातो आणि तिथेच राहतो. कंस ही हार नसते, तो फक्त पुढच्या बैठकीचा विषय असतो, हे नवख्याला पटायला वेळ लागतो. सगळे कंस आजच काढून टाकावेत अशी त्याला घाई असते, कारण मंत्र्यांचं विमान परवा आहे. तिला शिकवलं जातं की दमलात तर चहाची सुट्टी मागा. उत्तर माहीत नसेल तर राजधानीशी बोलून सांगतो म्हणा. एकटीने जाऊ नका. एक जण बोलेल, दुसरा लिहील, तिसरा समोरच्यांचे चेहरे बघेल. ज्या देशातून एकच अधिकारी येऊ शकतो त्याने काय करायचं, असा प्रश्न बेटावरचा माणूस विचारतो. खोलीत हशा होतो, मग होत नाही.

उदाहरणं ताजी आहेत. फिलिप मॉरिस आणि उरुग्वे यांचा खटला चार महिन्यांपूर्वीच संपला. सिगारेटच्या पाकिटाचा ८० टक्के भाग धोक्याच्या इशाऱ्याने झाकायचा नियम उरुग्वेने केला, तेव्हा कंपनी १९८८ चा स्विस करार घेऊन २०१० मध्ये इक्सिडला गेली. ८ जुलै २०१६ ला उरुग्वे जिंकला, कंपनीला त्याच्या खर्चापोटी ७० लाख डॉलर द्यावे लागले. तरी उरुग्वेचा एकूण खर्च त्याहून जास्त होता आणि लढायला अमेरिकी अब्जाधीश मायकेल ब्लूमबर्ग यांच्या दानाची मदत घ्यावी लागली. ज्या शहरात तुम्ही बसला आहात तिथेही वर्षापूर्वीपासून पाकिटावर ८० टक्के इशारा आहे. तुम्ही वहीत लिहिता: आरोग्य खातं, विचारणे.

मग भारताची पाळी येते आणि तुम्ही जरा सरसावून बसता. व्हाइट इंडस्ट्रीज या ऑस्ट्रेलियन कंपनीचं कोल इंडियाशी भांडण झालं. तिने २००२ मध्ये लवादात जिंकलं, पण वसुली भारतीय न्यायालयांत वर्षानुवर्षं अडकली. न्याय मिळवण्याची ‘परिणामकारक साधनं’ देऊ, असं वचन भारत-ऑस्ट्रेलिया करारात नव्हतं. ते भारत-कुवेत करारात होतं. सर्वाधिक पसंतीच्या राष्ट्राचं कलम वापरून कंपनीने ते तिथून उचललं आणि २०११ मध्ये जिंकली. म्हणजे तुमच्या देशाने कधीकाळी कुणाशीही केलेला सर्वांत सैल करार हा सगळ्यांशीच केलेला असतो. चाळीस लाख ऑस्ट्रेलियन डॉलर आणि व्याज, एवढ्यात भारताला हे समजलं. दिल्लीने नवा नमुना करार केला, आधी पाच वर्षं देशातल्या न्यायालयांत जा अशी अट घातली, आणि याच २०१६ मध्ये पन्नासहून अधिक देशांना करार संपवण्याच्या नोटिसा पाठवायला सुरुवात केली. भारताला हे जमतं. बाजारपेठ एवढी मोठी असली की नोटीस दिल्यावरही लोक बोलायला येतात. बेटावरच्या माणसाला तो पर्याय नाही, आणि करार संपवला तरी जुन्या गुंतवणुकीला आणखी दहा, पंधरा, वीस वर्षं संरक्षण देणारं कलम शेवटच्या पानाच्या जरा आधी असतंच. १९८० मध्ये तुम्ही पानं मोजली होती, हे वाचलं नव्हतं.

संध्याकाळी सगळे गॉल फेसच्या हिरवळीवर फिरायला जातात. कोळंबीचे वडे विकणारे गाडे लागलेले असतात. सोबतचे लोक खातात. बट्टिकलोआची गोष्ट सकाळीच वर्गात झाली आहे.

या शिकवण्यातून नक्की काय होतं? प्रश्न कडवट आहे पण विचारला पाहिजे, आणि त्यासाठी तुम्हाला चौदा महिनेच पुढे जायचं आहे. २३ जानेवारी २०१८, कोलंबो. श्रीलंका आणि सिंगापूर यांच्यात मुक्त व्यापार करार होतो. त्यात गुंतवणुकीचं प्रकरण आहे. शिकलेले अधिकारी देशात आहेत, परिषद इथेच होऊन गेली आहे. तरीही डॉक्टर, अभियंते आणि इतर व्यावसायिकांच्या संघटना उठतात की आम्हाला विचारलंच नाही. राष्ट्रपतींना तज्ज्ञांची समिती नेमावी लागते. करार मेमध्ये अंमलात आलेला, तपासणी त्यानंतर. ज्याने चौकटी कंस शिकून घेतला तो अधिकारी त्या खोलीत होता की नाही, आणि असला तर त्याचं कुणी ऐकलं का, हे करार वाचून कळत नाही. प्रशिक्षण देणाऱ्यांनी अधिकाऱ्यांबरोबर मंत्र्यांनाही एकदा लुटुपुटूच्या टेबलावर बसवावं, असं मला फार वाटतं. तिथे हरायची सवय झाली तर बरं. नाहीतर शिकलेला माणूस आणि सही करणारा माणूस वेगळे राहतात.

दुसरी अडचण बदलीची. २०१७ मध्ये तुमच्या शेजारची ती बाई पर्यटन खात्यात गेली असेल, किंवा एखाद्या मोठ्या वकिली संस्थेने तिला उचलली असेल. शिकवायला पुन्हा नवा माणूस. म्हणून आता अंकटाडचे आणि इतरांचे अभ्यासक्रम दूरस्थ झाले आहेत, पुन्हा पुन्हा चालतात. आणि २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अनसिट्रल या आयोगाने एका सल्ला केंद्राची नियमावली तत्त्वतः मान्य केली. गरीब देशांना अशा वादांत कायदेशीर सल्ला, बचाव आणि प्रशिक्षण देणारं कायमचं ठिकाण. व्यापाराच्या वादांसाठी असं केंद्र जिनिव्हात २००१ पासून आहे. गुंतवणुकीला तेवीस वर्षं जास्त लागली. दाव्यांच्या बाजूने पैसा होता, बचावाच्या बाजूने नव्हता, एवढंच त्याचं कारण मला दिसतं.

आता शेवटची खुर्ची. साल आजचंच, देश लहान, नाव तुम्ही ठरवा. एका मोठ्या देशाकडून मसुदा आला आहे, ईमेलवर, ‘सोबत नेहमीचा मजकूर’ असं म्हणत. या वेळी प्रवासाची अट उठवली आहे, जे ठाऊक आहे ते सगळं बोलता येईल. तुम्ही शेवटचं पान बघत नाही. आधी जुने करार शोधता, सगळे, पत्रांच्या देवाणघेवाणीसकट. दोन सापडत नाहीत, ते समोरच्या देशाच्या दूतावासाकडे न मागता आधी तळमजल्यावरच्या दप्तरखान्यात उतरून शोधता. मग आपल्या मसुद्याचा रकाना उघडता. व्याख्या आवळून घेता, तेलाच्या भावावरची पैज बाहेर ठेवता. ‘संपूर्ण संरक्षण’ म्हणजे पोलिसांनी घ्यायची नेहमीची काळजी, एवढंच, असं लिहिता. आरोग्य, कर, पर्यावरण वगळता. सर्वाधिक पसंतीचं कलम पूर्णच चौकटी कंसात टाकता. आणि मसुदा सात खात्यांना अभिप्रायासाठी पाठवता.

पंधरा दिवसांनी उत्तरं येतात. मध्यवर्ती बँकेने चार पानं लिहिली आहेत, चांगली. कर खात्याने मुदतवाढ मागितली आहे. आरोग्य खात्याच्या पत्रावर एकच शब्द आहे: निरंक.

तुम्ही ते पत्र परत पाठवता. सोबत उरुग्वेच्या निवाड्याचा सारांश जोडता, पाकिटावरच्या इशाऱ्याचा परिच्छेद पिवळा करता, आणि खाली लिहिता की मंगळवारी अकरा वाजता मी स्वतः येतो, संबंधित अधिकारी आणि त्यांच्या हाताखालचे दोघे, तिघांनीही बसावं. मग मंत्र्यांच्या स्वीय सहायकाला फोन करून विचारता की दौऱ्याची तारीख अजून पुढे ढकलता येईल का.